कॅम्प उठला, जमीन सरकारजमा राहिली

पोवई नाक्यावरून सदर बझारकडे वळलं की साताऱ्याची चाल बदलते. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या जुन्या पेठा उताराला बिलगून वसल्या आहेत. इकडे रस्ते सरळ, आवारं ऐसपैस आणि जुने बंगले रस्त्यापासून पार आत. सातारकर या भागाला आजही ‘कॅम्प’ म्हणतात. लष्करी छावणीचा नागरी कारभार पाहणारं छावणी मंडळ इथे नाही, छावणीचा कायदाही लागू नाही. नाव तेवढं चिकटून राहिलं. ‘सदर बझार’ हे नावही लष्करीच. फौजेचा तळ पडला की तिच्या गरजांसाठी जो मुख्य बाजार वसवत, तो सदर बझार.

हे आता आठवण्याचं कारण आहे. एप्रिल २०२३ मध्ये हिमाचलमधली योल छावणी रद्द झाली आणि इतर छावण्यांतली नागरी वस्ती शेजारच्या पालिकांना जोडायचं धोरण पुढे आलं. पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, नगर, औरंगाबाद, कामठी या सातही ठिकाणी लोक एकच विचारतात: घर आमचं, पण खालची जमीन कुणाची? या प्रश्नाचं मूळ दोनशे वर्षं मागे आहे, आणि साताऱ्यात ते फार स्पष्ट दिसतं.

१८१८ मध्ये इंग्रजांनी सातारा घेतला, प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवलं आणि २५ सप्टेंबर १८१९ ला तह केला. राज्य छत्रपतींचं, फौज कंपनीची. म्हणजे तळ पडला तो दुसऱ्याच्या मुलखात. इथल्या फौजेचा अधिकारी लॉडविक १८२४ मध्ये महाबळेश्वरचा डोंगर चढून गेला. तिथली हवा आजारी गोऱ्या शिपायांना आणि साहेबांना मानवेल, असं ठरलं. तेव्हा मात्र रीतसर अदलाबदल झाली: १८२९ च्या करारानं महाराजांनी महाबळेश्वरचा टापू दिला आणि वाईकडचं खंडाळा गाव घेतलं. मला ही नोंद फार मोलाची वाटते. जागा हवी तर मोबदल्यात जागा द्यावी लागते, एवढं तरी तेव्हा मान्य होतं.

१८४८ मध्ये प्रतापसिंहांनंतर गादीवर आलेले त्यांचे भाऊ शहाजीराजे वारले. दत्तक नामंजूर करून डलहौसीनं राज्य खालसा केलं आणि पाहुणा घरधनी झाला. आता कुणाला काही विचारायची गरज उरली नाही. १८५७ च्या उठावात साताऱ्यातल्या गेंडामाळावर १७ जणांना देहदंड झाला, तो याच सत्तेच्या हातून.

छावणीतल्या जमिनीचा कायदा मात्र आधीच घडत होता. बंगाल लष्करासाठी १८३६ मध्ये गव्हर्नर जनरलचा १७९ क्रमांकाचा हुकूम निघाला. छावणीत बंगला बांधायला परवानगी मिळे, पण जमिनीची मालकी सरकारचीच. सरकारला जागा हवी झाली की महिन्याची नोटीस आणि फक्त बांधकामाची किंमत. जमिनीचा पैसा नाही. मुंबई लष्कराचे नियम वेगळे होते, पण सूत्र हेच. यालाच ‘ओल्ड ग्रँट’ म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली कुटुंबं आजही पुण्यात आणि इतर छावण्यांत याच दोन शब्दांशी झगडत आहेत. १९२४ चा छावणी कायदा आणि त्याखालचे जमिनीचे नियम आले, तेव्हा प्रत्येक तुकडा जनरल लँड रजिस्टरमध्ये, म्हणजे छावणीच्या जमिनींच्या नोंदवहीत, चढला. ज्या तुकड्यावर ताबा खाजगी पण मालकी केंद्राची, तो ‘बी-३’ वर्गात. एका अक्षरानं आणि एका आकड्यानं घराचं नशीब ठरलं.

दुसऱ्या महायुद्धात भारत संरक्षण नियमांतला ७५-अ हा नियम हाताशी होता. त्याखाली जमिनी ‘तात्पुरत्या’ ताब्यात घेता येत. युद्ध १९४५ मध्ये संपलं; आधी १९४७ च्या आणि मग १९५२ च्या कायद्यानं ते ताबे पुढे चालू ठेवता आले, आणि असे जुने ताबे सोडायची मुदत लांबत लांबत १९८७ पर्यंत गेली. भूसंपादन करून घेतलेल्या जमिनीची वाट तर कायमची बंद. काम झाल्यावर उरलेली जमीन दुसऱ्या सार्वजनिक कामाला लावा किंवा लिलाव करा, मूळ मालकाला जुन्या दरानं परत देता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये केरळच्या भास्करन पिल्लै खटल्यात सांगितलं. कायद्याच्या दृष्टीनं ते बरोबर असेल. पण ज्याची काळी गेली, त्याच्या घरी हा न्याय कसा पोचतो, याचा विचार व्हायला हवा.

आणि हे सगळं या जिल्ह्यात विशेष बोचतं. इथल्या गावांनी फौजेला माणसं दिली. आपशिंगे गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात पडले. ते गाव आज ‘आपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखलं जातं. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ मध्ये साताऱ्यातच सुरू झालं. फौजेबद्दल इथे माया आहे, तक्रार नाही. तक्रार आहे ती कागदाबद्दल.

म्हणून सात छावण्यांचं हस्तांतर होताना आधी रजिस्टरं उघडी करावीत. सिटी सर्व्हेच्या मिळकत पत्रिकेवर ‘सत्ता प्रकार’, म्हणजे जमीन कोणत्या हक्कानं धारण केली आहे, असा एक रकाना असतो. पालिका बदलली, पाणीपट्टीची पावती बदलली, तरी तो रकाना आपोआप बदलत नाही. तिथे काय लिहिलं जाणार, हे लोकांना हस्तांतराच्या आधी कळलं पाहिजे.