एकाने काय होतंय?

गणपतीत सदाशिव पेठेतल्या एका घरी आरतीनंतर मोदकांचं ताट फिरलं. काकूंनी एक घेतला, दुसऱ्याला हात आडवा केला. "अगं, सणासुदीचं एकाने काय होतंय?" तिघी-चौघींचा आग्रह, आणि पानात दुसरा पडलाच. काकूंना मधुमेहाची माहिती कमी नाही. एचबीए१सी ही रक्ततपासणी म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब, हे त्यांनीच मला समजावलंय. कमी पडली ती 'मला नको म्हणणं जमेल' ही खात्री.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये या खात्रीचा सिद्धान्त मांडला. ती म्हणजे स्वभावातली धडाडी नव्हे. बँकेत मॅनेजरला फैलावर घेणारे गृहस्थ इन्सुलिनचं पेन पोटाला लावताना गळपटतात. खात्री कामागणिक वेगळी असते. ती सर्वांत पक्की होते स्वतः करून पाहिल्यावर. 'उद्यापासून रोज पर्वती' म्हणणारा शंभरावर पायऱ्यांपुढे तिसऱ्या दिवशी हरतो. वीस पायऱ्या चढून उतरणारा महिनाभराने वर पोचलेला असतो. आपल्यासारख्याच कुणाला जमलेलं पाहणं, विश्वासातल्या माणसाने धीर देणं, यांचाही हातभार लागतो.

शरीराच्या खुणा मात्र फसवतात. रक्तातली साखर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, छातीत धडधडतं. भीतीनेही नेमकं हेच होतं! लक्ष्मी रोडच्या गर्दीत एकदा असा झटका आलेला माणूस पुढे साखर मुद्दामच चढी ठेवतो. अशा वेळी ग्लुकोमीटरची एक पट्टी दहा उपदेशांहून कामाची: आकडा पाहिला की ही साखर की धास्ती, ते कळतं.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधक केट लोरिग यांनी संधिवाताच्या रुग्णांसाठी वर्ग चालवले. शिकवणाऱ्यांत संधिवाताचे रुग्णही असत. व्यायाम वाढला म्हणून दुखणं कमी झालं असेल, अशी अटकळ होती. पण तो धागा कच्चा निघाला. आराम पडण्याशी जास्त जुळली ती 'दुखणं मला आवरता येतं' ही वाढलेली खात्री. मला यातलं हेच सर्वांत नवलाचं वाटतं. आपल्याकडे दवाखान्यात मात्र अजून "पथ्य पाळत नाही तुम्ही" एवढ्यावरच बोळवण होते.

गौरीजेवणाला वाढायला काकूंची सून होती. तिने पुरणपोळी अर्धी मोडूनच त्यांच्या पानात ठेवली. आत्याबाई आग्रहाला सरसावल्या, तशी म्हणाली, "आईंचं झालंय. तुम्हाला तूप वाढू?"