सेल काढला तरी कुलूप तसंच: जुन्या लॅपटॉपच्या पासवर्डची पार्श्वभूमी

गेल्या दिवाळीनंतर पारोळ्याकडचा एक मुलगा जळगावात माझ्याकडे जुना थिंकपॅड, म्हणजे आयबीएमचा लॅपटॉप, घेऊन आला. मॉडेल टी ४२, म्हणजे २००४ च्या सुमाराचं. सेकंडहँड लॉटमधून चार हजारांना घेतलेलं. त्यावर लिनक्स शिकायचं त्याच्या मनात होतं. मशीन घरी नेल्यावर चालू होत होतं, फक्त विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये जाताना पासवर्ड मागत होतं. गावातल्या कुणीतरी सांगितलं म्हणून त्याने आतला छोटा सेल काढून रात्रभर बाजूला ठेवला. सकाळी सेल परत बसवला, तर तारीख चुकल्याचा संदेश आला आणि त्यामागोमाग कुलपाचं चित्र, शेजारी माणसाची आकृती. आता मशीन विंडोजपर्यंतही जाईना. "सेल काढी पाह्या भाऊ, तरी पासवर्ड मांगस," तो म्हणाला. आवाजात रडं दाटलेलं होतं, कारण ते चार हजार त्याने केळीच्या बागेत रोजाने काम करून जमवले होते.

त्याला सांगणाऱ्याचीही चूक म्हणता येत नाही. सेल काढला की पासवर्ड जातो, हे एका काळापुरतं शंभर टक्के खरं होतं. तो काळ कधी सुरू झाला आणि लॅपटॉपवर येऊन का संपला, हे समजून घेतलं तर असे बरेच पैसे वाचतील.

आयबीएमचा पहिला पीसी १९८१ चा. त्याला पासवर्ड नव्हता आणि सेटिंग लक्षात ठेवायची जागाही नव्हती. काय जोडलंय ते बोर्डावरचे छोटे स्विच वरखाली करून सांगावं लागे. १९८४ च्या एटी मॉडेलमध्ये दोन गोष्टी आल्या. पुढच्या बाजूला खरीखुरी किल्ली लावायचं कुलूप आलं. ते फिरवलं की कीबोर्ड बंद आणि झाकणही उघडत नसे. आत मोटोरोलाची घड्याळाची चिप आली. तिच्यात ६४ बाइटची स्मृती होती. त्यातले १४ बाइट घड्याळाच्या कामाचे आणि उरलेले ५० सेटिंगसाठी. ही स्मृती बॅटरीवर जगायची. बॅटरी काढली की सगळं विसरायची. १९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ मालिका आणली आणि मशीन चालू करतानाचा पासवर्ड याच विसराळू जागेत ठेवला.

म्हणजे सेल काढून कुलूप घालवायची युक्ती कुणा हुशार कारागिराने शोधून काढलेली नाही. कुलूप ठेवलंच होतं सेलवर जगणाऱ्या जागी. पासवर्ड विसरणाऱ्या मालकाला वाट मिळावी म्हणून बोर्ड बनवणाऱ्यांनी पुढे मुद्दाम जंपरही (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) दिले. शिवाय अवॉर्ड आणि अमी या बायोस (मशीन चालू होताच आधी धावणारा, सेटिंगचं पान दाखवणारा प्रोग्राम) बनवणाऱ्या कंपन्यांच्या कित्येक आवृत्त्यांत कंपनीच्याच नावावर बेतलेला एक सार्वत्रिक शब्द चालायचा. नव्वदच्या दशकात तो वह्यांच्या मागच्या पानांवर लिहिलेला असे. तोशिबाच्या काही लॅपटॉपवर प्रिंटरच्या पोर्टात ठरावीक पिना एकमेकींना जोडलेला प्लग लावला की पासवर्ड पुसला जाई. तो प्लग सर्व्हिस सेंटरसाठी होता, पण जोडणी बाहेर फुटायला वेळ लागला नाही.

खानदेशात संगणक घरोघरी आला तो याच दिवसांत, आणि आला तो जुळवलेल्या डेस्कटॉपच्या रूपात. एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम चालवणाऱ्या एमकेसीएलची स्थापना २००१ ची. त्यानंतर तिची केंद्रं तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचे, इथे कॅबिनेटमध्ये जुळवायचे आणि केंद्राला द्यायचे, यावर कितीतरी दुकानं उभी राहिली. मीही तिथेच शिकलो. एखाद्या पोराने खोडसाळपणे बायोसला पासवर्ड घातला की सर फोन करायचे. आम्ही सायकलवर जाऊन झाकण उघडायचो, सीआर २०३२ चा तीन व्होल्टचा सेल नखाने उचलायचो, पाच मिनिटांत काम फत्ते. त्याचे पन्नास रुपये घ्यायलाही लाज वाटायची. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, सगळीकडच्या कारागिरांचा हात याच कामावर बसला. तोच हात पुढे लॅपटॉपवर चालला, आणि तिथे अडला.

लॅपटॉप ही बगलेत मारून नेता येणारी वस्तू. कंपन्यांनी माणसांना तो दिला आणि तो टॅक्सीत, विमानतळावर, हॉटेलात चोरीला जाऊ लागला. कुलूप सेलवर ठेवून भागणार नव्हतं, कारण चोराकडेही स्क्रू ड्रायव्हर असतो. म्हणून मोठ्या कंपन्यांना विकायच्या लॅपटॉपवर दोन वेगळे पासवर्ड आले. एक वापरणाऱ्याचा, मशीन चालू करतानाचा. दुसरा कंपनीच्या संगणक विभागाचा, सुपरवायझर पासवर्ड. पहिला जुन्या जागीच राहिला. दुसरा अशा चिपमध्ये गेला जिला लक्षात ठेवायला वीज लागत नाही.

थिंकपॅडवर नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून पुढची काही वर्षं ही चिप २४आरएफ०८ होती. आठ पायांची, बोटाच्या नखापेक्षा लहान, एक किलोबाइट साठ्याची. नावातला 'आरएफ' म्हणजे रेडिओ लहरी. लॅपटॉप दारातून बाहेर जाताना दाराशी लावलेल्या यंत्राला त्याची ओळख पटावी, अशी ती कंपनीच्या मालमत्तेची नोंद ठेवणारी चिप होती. हा तपशील मला फार बोलका वाटतो. कुलूप आणि मालमत्तेचा क्रमांक एकाच चिपमध्ये होते. वापरणारा माणूस त्या हिशेबात कुठेच नव्हता.

सुपरवायझर पासवर्ड हरवला तर काय करायचं, याचं उत्तर थिंकपॅडच्या अधिकृत दुरुस्ती पुस्तिकेत स्पष्ट दिलेलं असायचं: सिस्टिम बोर्ड बदला, ग्राहकाने खरेदीचा पुरावा दाखवावा आणि बोर्डाचे पैसे द्यावेत. नव्या मशीनच्या मालकाला हे परवडत असेल. चार हजारांच्या मशीनला ते भंगारात जाण्याचं फर्मान ठरतं.

आणि सेल काढल्याने मशीन आणखी बिघडतं ते का, तेही इथेच आहे. सेल गेला की घड्याळ चुकतं. घड्याळ चुकलं की मशीन म्हणतं, आधी सेटिंगमध्ये जाऊन तारीख लावा. सेटिंगच्या दारात सुपरवायझर पासवर्ड उभा. जे मशीन निदान चालत होतं, ते दारातच अडकतं. पारोळ्याच्या मुलाचं हेच झालं. अनेकदा सेल कुणी काढावाही लागत नाही. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत वर्षानुवर्षं पडलेल्या मशीनचा सेल आपोआप मरतो, आणि मग मालकाला वाटतं, मशीनने अचानक पासवर्ड कुठून काढला.

कारागिरांनी यावरही वाट काढली. त्या पिढीतल्या चिपमध्ये पासवर्ड उघडाच पडलेला असायचा, फक्त अक्षरांऐवजी कीबोर्डच्या कळांच्या क्रमांकांत. चिपच्या पायांना बारीक तारा जोडून दुसऱ्या संगणकावर आतला मजकूर वाचायचा आणि क्रमांकांवरून शब्द लावायचा. जगभर लोकांनी असे बोर्ड सोडवले. काम नाजूक, एक पाय चुकला की चिप जायची आणि बोर्डही. पुढे सुरक्षा चिप आली आणि पासवर्ड सांकेतिक रूपात ठेवला जाऊ लागला. नुसतं वाचून भागेना. इतर काही कंपन्यांनी वेगळी रीत धरली. पासवर्ड तीनदा चुकला की पडद्यावर एक आकडा यायचा. तो कंपनीला कळवायचा आणि कंपनी मालकीची खात्री करून उलट शब्द सांगायची. आकड्यावरून शब्द काढायचं गणित कच्चं होतं. ते फुटलं, आणि त्या मॉडेलांची कुलपं नावापुरती उरली.

हार्ड डिस्कचं कुलूप मात्र निराळं. १९९७ च्या एटीए-३ मानकात ते आलं. पासवर्ड बोर्डावर नसतो, डिस्कच्या आतच असतो. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी ती तोंड उघडत नाही. जास्तीत जास्त सुरक्षेची पातळी ठेवलेली असेल तर मास्टर पासवर्डनेही फक्त सगळं पुसता येतं, वाचता काही येत नाही. अशा डिस्कवर वेळ घालवू नये, दुसरी बसवावी. आतला मजकूर दुसऱ्याचा आहे, तो बंद राहिलेलाच बरा.

विंडोजच्या पासवर्डची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण जुनं मशीन घेणाऱ्याला तो आडवा येत नाही. विंडोज ९५ चा पासवर्ड एस्केप दाबून ओलांडता यायचा. विंडोज एनटीचा, म्हणजे ऑफिसांसाठीच्या विंडोजचा, पक्का होता, पण १९९७ मध्ये पेटर नोर्डाल-हागेन या नॉर्वेच्या माणसाने एक साधन काढलं, तो जागीच पुसणारं. २००७ मध्ये व्हिस्टासोबत बिटलॉकर आलं, अख्खी डिस्क सांकेतिक करणारं, आणि तो मार्ग तिथे खुंटला. नव्याने सिस्टिम टाकायची असेल तर यातलं काहीच अडवत नाही. अडवतो तो बोर्ड.

मग कुलूप न काढताच ही मशीन आपल्यापर्यंत येतात कशी? मोठ्या कंपन्या लॅपटॉप भाड्याने घेतात, तीन-चार वर्षांनी परत करतात. ते लॉटने विकले जातात, हजार-पाचशे एका वेळी. मुंबई किंवा दिल्लीचा व्यापारी उचलतो, पुढे छोट्या लॉटने देतो, आणि रेल्वेच्या मुख्य मार्गावर असल्यामुळे माल एका रात्रीत भुसावळ-जळगावात उतरतो. पासवर्ड घालणारा संगणक विभाग पहिल्याच पायरीला मागे राहतो. वापरणाऱ्या कर्मचाऱ्याला तो कधीच माहीत नव्हता. व्यापारी विंडोज उघडून दाखवतो आणि सेटिंग कुणीच उघडून बघत नाही. माझा राग आहे तो या पहिल्या पायरीवर. लॉट देण्याआधी मशीनमागे दोन मिनिटं खर्च केली असती तर शेकडो चांगले बोर्ड कचऱ्यात गेले नसते. ई-कचऱ्याचे नियम देशात २०१२ पासून लागू आहेत. त्यांत गोळा करणं आणि तोडणं यांचा विचार पुष्कळ झाला, पासवर्ड काढून देण्याचा विचार कुठे दिसत नाही.

अलीकडच्या मशीनचं कुलूप तर मशीनच्याही बाहेर गेलंय. ॲपलच्या सुरक्षा चिप असलेल्या मॅकवर २०१९ पासून ॲक्टिव्हेशन लॉक चालतं. कंपन्यांच्या मशीनसाठीच्या विंडोज ऑटोपायलट या सोयीत मशीनची ओळख कंपनीच्या खात्यात नोंदलेली असते, आणि नव्याने सिस्टिम टाकली तरी इंटरनेट लागताच ते जुन्या मालकाचं नाव सांगतं. इथे सोल्डरिंगचा काही उपयोग नाही.

कुणी मशीन आणून दिलं की मी आधी पावती मागतो. कित्येकांना ते मनाला लागतं. पण कुलूप चोरासाठीच होतं, आणि समोरचा चोर नाही हे मला चेहऱ्यावरून कळत नाही. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा गुन्हा आहे, आणि परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरण्याला २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात वेगळं कलम आहे. घेणाऱ्याला मी एवढंच सांगतो: दुकानातच मशीन बंद करून चालू करा, सेटिंगमध्ये शिरून तारीख बदलून बघा. बदलली तर पैसे द्या.

पारोळ्याच्या मुलाकडे पावती होती. व्यापाऱ्याने मशीन परत घ्यायला नकार दिला, पण लॉट कुठून घेतला त्याचा कागद पाठवला. त्याच मॉडेलचं पडदा फुटलेलं एक मशीन भुसावळला एकाच्या माळ्यावर सापडलं. सातशे रुपयांना मिळालं. त्याचा बोर्ड याला बसवला, तारीख लावली, आणि मुलाने माझ्यासमोरच लिनक्स टाकलं. काढलेला बोर्ड माझ्या खणात आहे. त्या आठ पायांच्या चिपमध्ये कुणातरी संगणक विभागातल्या माणसाने वीस वर्षांपूर्वी घातलेला शब्द अजून तसाच आहे, फार तर सात अक्षरांचा.