निवेदक वेगळा, नजर वेगळी

कथास्पर्धा, वाचनकट्टा, लेखन कार्यशाळा, कुठेही जा, एक शेरा हमखास कानावर येतो: "आठ वर्षांचं पोर असे शब्द वापरेल का?" मला या शेऱ्याचा मनापासून राग आहे, कारण त्यापायी चांगल्या कथा बिघडतात. नवा लेखक घाबरतो, निवेदनातले सगळे जड शब्द काढून टाकतो, वाक्यं बोबडी करतो, आणि खरी चूक जागच्या जागी राहते.

लेखक आणि निवेदक एक नव्हेत, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः लिहिली ती यमूच्या तोंडून, आणि यमू म्हणजे हरिभाऊ असं कोणी समजत नाही. तेवढं पुरे. घोळ होतो तो पुढच्या पायरीवर. निवेदक म्हणजे सांगणारा. नजर म्हणजे ज्याच्या डोळ्यांनी, आणि त्याला जेवढं कळतं तेवढ्यातच, आपण प्रसंग पाहतो ती. फ्रेंच अभ्यासक जेरार जेनेट यांनी १९७२ मध्ये हे दोन प्रश्न वेगळे काढले: बोलतंय कोण आणि पाहतंय कोण? आपल्याकडे मात्र 'प्रथमपुरुषी दृष्टिकोन' असं एका दमात म्हणून दोन्ही प्रश्न मिटवले जातात. 'मी' लिहिल्याने फक्त पहिला सुटतो.

लालबागच्या चाळीतला एक मुलगा घेऊ. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा तो आठ वर्षांचा होता. आज पन्नाशी उलटल्यावर तो सांगतोय:

"बाबा आता दिवसभर घरी असत. दुपारी गॅलरीत माझ्याशी पत्ते खेळत. त्या निवांतपणाची मला अपूर्वाई वाटे. आईने कानातल्या कुड्या काढून ठेवल्या होत्या. कान दुखतात, म्हणाली."

'अपूर्वाई' हा आठ वर्षांच्या मुलाचा शब्द नाही. नसू दे. शब्द सांगणाऱ्याचे असतात, आणि सांगणारा पन्नाशी उलटलेला आहे. पाहणारा मात्र आठ वर्षांचा. आईचे कान दुखतात हे त्याने खरं मानलं. आता पुढे एकच वाक्य घाला: "कुड्या गहाण पडल्या होत्या." शब्द साधे आहेत, पोराच्याही तोंडी शोभतील, तरी नजर इथे फुटली, कारण ही गोष्ट त्या मुलाला ठाऊकच नव्हती. शेरा मारणारे 'अपूर्वाई'खाली लाल रेघ ओढतात आणि हे वाक्य बिनबोभाट पुढे जाऊ देतात.

"कुड्या गहाण पडल्या होत्या, हे मला फार नंतर कळलं" असं लिहिलं तर चालतं. तिथे नजर प्रौढ माणसाकडे गेली, आणि उघडपणे गेली. पण असं वाक्य एका कथेत एकदाच यावं, तेही शेवटाकडे, हे माझं ठाम मत आहे. दर परिच्छेदाला 'तेव्हा मला काय ठाऊक' येऊ लागलं की मुलाचा आनंद पुसला जातो. घरात पगार येत नाही आणि पोर खुशीत आहे, या कथेचं सगळं मोल त्यात आहे.

वर्तमानकाळात लिहावं की भूतकाळात, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. त्याने नजरेचा प्रश्न सुटतही नाही, बिघडतही नाही. सर्वज्ञ निवेदकाला उगाच जुनाट म्हणतात, तेही मला पटत नाही. त्याने कोणाच्याही मनात शिरावं, फक्त कधी शिरला ते वाचकाला कळलं पाहिजे.

तृतीयपुरुषी निवेदनात मराठीची एक मोठी सोय आहे, आणि इंग्रजी पुस्तकांवरून लेखन शिकणाऱ्यांच्या ती लक्षातच येत नाही: आदरार्थी रूपं. "आप्पा आत आले. आल्या आल्या त्यांनी चहा मागितला." इथे सून पाहते आहे. "सदा आत आला. आल्या आल्या त्याने चहा मागितला." इथे थोरला भाऊ किंवा जुना दोस्त पाहतो आहे. "सदाशिव पाटणकर आत आला" म्हटलं की निवेदक सगळ्यांपासून लांब उभा राहिला. माणूस तोच, चहा तोच, 'मी' कुठेही नाही, आणि डोळे तीन वेळा बदलले. म्हणूनच सुनेच्या नजरेतून चाललेल्या कथेत मधेच "आप्पा रडला" आलं, तर तिच्या मनातला आदर त्या क्षणी संपला असाच अर्थ वाचक घेणार. तेच दाखवायचं असेल तर याहून नेमकं वाक्य सापडणार नाही. नसेल, तर 'आप्पा रडले' लिहा.