अवटू संप्रेरके आणि मेंदूतील ऊर्जा-चयापचय

गळ्यातील अवटू, म्हणजे बोलण्यातली थायरॉइड, ग्रंथीच्या संप्रेरकांचा (हार्मोन्सचा) मेंदूच्या इंधनवापरावर होणारा परिणाम. मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे २ टक्के. पण विश्रांतीच्या वेळी खर्च होणाऱ्या ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा तो एकटा घेतो. त्याचे मुख्य इंधन ग्लुकोज. त्याचा साठा मेंदूकडे नावापुरताच असल्याने रक्तातून पुरवठा अखंड चालू राहावा लागतो.

ग्रंथीतून मुख्यतः टी४ स्रवते (थायरॉक्सिन, अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ केंडल यांनी ते १९१४ मध्ये वेगळे केले). पेशीत प्रत्यक्ष काम करते ते टी३, हे दुसरे अवटू संप्रेरक. मेंदू आपले बरेचसे टी३ घरीच बनवतो. तारकापेशींतील (चेतापेशींना आधार देणाऱ्या मेंदूपेशींतील) डी२ हे विकर (एन्झाइम) टी४मधला आयोडीनचा एक अणू काढून टाकते आणि तयार झालेले टी३ शेजारच्या चेतापेशींना (न्यूरॉन्सना) मिळते. चेतापेशींतील डी३ विकर जादा टी३ निकामी करते. रक्तात टी४ घटले की डी२ जोमाने काम करू लागते, त्यामुळे थोडी टंचाई मेंदू निभावून नेतो. टी३ पेशीकेंद्रातील ग्राहींना (रिसेप्टरना) चिकटून जनुकांचे काम बदलते. पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या तंतुकणिकांची (मायटोकॉन्ड्रियांची) घडण त्यावर अवलंबून असते.

थायरॉइड संप्रेरके वाढली की मेंदूही जास्त इंधन जाळतो, ही समजूत चुकीची आहे. मेंदूच्या चयापचयाचे अमेरिकी संशोधक सोकोलॉफ व सहकाऱ्यांना १९५३ मध्ये आढळले, की अशा रुग्णांच्या शरीराचा ऑक्सिजनवापर वाढतो, प्रौढ मेंदूचा मात्र वाढत नाही. उलट, संप्रेरकांच्या तीव्र कमतरतेत मेंदूचा रक्तप्रवाह आणि ग्लुकोजवापर घटलेला आढळला आहे. कमतरता असली की बाजाराला निघालेल्या बाईला चारातले दोन जिन्नस आठवत नाहीत, हुमणात (माशाच्या आमटीत) सोले (आमसुले) टाकली की नाही हे झाकण काढून पाहावे लागते, आणि घरचे तिला सुस्त म्हणतात. तो आळस नसतो. अशा वेळी बोल लावण्याआधी रक्त तपासावे.

गोव्यात मीठ समुद्राचे म्हणून त्यात आयोडीन असणारच, असे अनेकांना वाटते. आगरवाड्यासारख्या ठिकाणचे जाडे, करडे आगरी (मिठागरातले) मीठ लोणच्याला आणि खाऱ्या मासळीला उत्तम. पण आगरात पाणी आटते तेव्हा आयोडीन खड्यात फारसे उतरत नाही. मासळीतून काही प्रमाणात मिळते, तरी रोजच्या जेवणात आयोडीनयुक्त मीठच हवे, गरोदर बाईच्या ताटात तर नक्कीच. गर्भाची स्वतःची ग्रंथी काम करू लागेपर्यंत त्याच्या मेंदूला संप्रेरक पुरवते ती आईच.

काही बाळांची ग्रंथी जन्मतःच नीट काम करत नाही, आणि वरून मूल धडधाकट दिसते. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून हे कळते. पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिन सुरू झाले तर बहुतेक मुलांची बौद्धिक वाढ सर्वसाधारण होते.