तुरटी, गाल आणि पंचगंगेचा गाळ

भाचीचे गाल परवा लालभडक, वर कातडीचे पापुद्रे. आठ दिवस रोज रात्री गुलाबपाण्यात तुरटी विरघळवून चोळत होती, तुरटीने रंग उजळतो असं सांगणारी रील बघून. “केमिकल नव्हे मामा, नैसर्गिक आहे की!” म्हणे. तुरटीचं खरं नाव पोटॅशियम अ‍ॅल्युमिनियम सल्फेट. आता बोला.

पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी कसं तांबूस होतं, कोल्हापूरकरांना सांगायला नको. त्या मातीच्या कणांवर ऋण प्रभार असतो. एकमेकांना ढकलत ते तरंगत राहतात. तुरटीचा धन प्रभार ही ढकलाढकली मोडतो, मग कण एकत्र गोळा होऊन तळाशी बसतात, म्हणजेच गाळ ‘गोठतो’. तुरटीतल्या अ‍ॅल्युमिनियम आयनावर तीन धन प्रभार, मिठातल्या सोडियमवर एक. पण गाळ गोठवायची ताकद तिप्पट नव्हे. ती ढोबळमानाने प्रभाराच्या सहाव्या घाताने वाढते: ३ चा सहावा घात, म्हणजे ७२९ पट! फळ्यावर हा आकडा लिहिला की मी दरवेळी क्षणभर थांबतो. शिवाय अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे चिकट पुंजके तयार होतात, ते उरलासुरला गाळ घेऊन बसतात.

प्रथिनांनाही तुरटी अशीच गोठवते. वाटीत अंड्यातलं पांढरं घ्या, तुरटीचा खडा त्यात फिरवत राहा. शेगडी न पेटवता दह्यासारख्या गुठळ्या होतात. दाढीत कापलं की रक्त थांबतं ते यामुळेच. गालावर ‘घट्ट’ वाटतं तेही यामुळेच. वरच्या थरातली प्रथिनं आकसतात. रंग देणाऱ्या मेलॅनिनचा इथे संबंध नाही. त्यात तुरटीच्या पाण्याचा सामू (pH, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेतीनच्या आसपास, त्वचेचा पाचच्या. मोजपट्टी दसपटीची, एक अंक खाली की आम्लता दहापट; म्हणजे इथे त्वचेच्या तीसेक पट. रात्रभर ठेवल्यावर कातडी सोलणारच.

दाढीनंतर ओला खडा एकदा फिरवून धुऊन टाकला तर बहुतेकांना चालतं. धडधाकट त्वचेतून अ‍ॅल्युमिनियम अगदी नगण्य आत जातं. किडनीच्या रुग्णांनी मात्र रोज वापरण्याआधी डॉक्टरांना विचारावं. डोळ्यांजवळ, सोललेल्या जागेवर नको. काखेत लावायच्या ‘अ‍ॅल्युमिनियम-फ्री’ स्फटिक कांड्या पुष्कळदा तुरटीच्याच असतात, ही वेगळीच गंमत.

आणि दृष्ट काढून निखाऱ्यावर टाकलेल्या तुरटीत कुणाचं तोंड उमटत नाही. तिच्या वजनात ४५ टक्के पाणी असतं, ते उकळून बाहेर पडताना ती फुगते.

मला भीती आहे ती सलूनमधल्या सामाईक खड्याची. हेपटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरतो, आणि तो खडा दिवसभर कापलेल्या गालांवर फिरतो. गंगावेशीत दाढीला जाताना मी माझा खडा जुन्या फिल्मच्या डबीत घालून नेतो. न्हावी हसतो.