विज्ञानकथा आणि गोष्टीरूप विज्ञान: गल्लत नेमकी कुठे होते

नव्याने लिहू लागलेल्यांच्या कथा माझ्याकडे वाचायला येतात. बऱ्याच कथांच्या माथ्यावर 'विज्ञानकथा' असं लिहिलेलं असतं आणि आत एक आजोबा असतात. नात विचारते, 'आजोबा, मंगळावरच्या माणसाशी फोनवर गप्पा मारता येतील का हो?' आजोबा चष्मा पुसतात आणि सुरू होतात. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. मंगळ कधी आपल्यापासून साडेपाच कोटी किलोमीटरवर असतो, तर कधी ४० कोटींवर. म्हणून संदेश तिथे पोहोचायला कधी ३ मिनिटं लागतात, तर कधी २२. नात म्हणते, 'अय्या, खरंच?' आणि गोष्ट संपते.

हे लिखाण वाईट मुळीच नाही. सहावी-सातवीतल्या मुलीला वेग आणि अंतर यांचं नातं यातून छान कळेल. हे आहे गोष्टीरूप विज्ञान. पण ही विज्ञानकथा नाही, आणि जिला विज्ञानकथाच लिहायची आहे ती लेखिका इथे वर्षानुवर्षं अडकून पडते. कारण वाचणारा प्रत्येक जण 'छान माहिती मिळाली' म्हणतो आणि तिला वाटतं, कथा जमली.

आता तेच ३ आणि २२ आकडे घेऊ. आई नाशिकच्या एका दवाखान्यात, अतिदक्षता विभागात आहे. एकुलती एक मुलगी मंगळावरच्या तळावर, आणि नेमका मंगळ या दिवसांत पृथ्वीपासून सर्वांत लांब. डॉक्टरांचा निरोप येतो: आई शुद्धीवर आहे, पण फार वेळ हाती नाही. मुलीने हा निरोप ऐकला तेव्हाच तो २२ मिनिटं जुना झालेला आहे. ती जे बोलेल ते आईच्या कानावर आणखी २२ मिनिटांनी पडेल. 'आई, कशी आहेस?' असं विचारायची सोयच उरलेली नाही, कारण उत्तर यायला पाऊण तास जाईल. ज्यांना उत्तराची गरज नाही अशीच वाक्यं आता तिला बोलायची आहेत. जन्मभर आईशी जी फक्त प्रश्नांतून बोलली (जेवलीस का, गोळी घेतलीस का), तिला अशी वाक्यं सापडतील का?

इथे प्रकाशाचा वेग कुणीच कुणाला समजावून सांगत नाही. मुलीला तो माहीत आहे, डॉक्टरांनाही आहे. गोष्टीरूप विज्ञानात कुणाला तरी काहीतरी ठाऊक नसतं आणि ते कळलं की गोष्ट पुरी होते. विज्ञानकथेत सगळं ठाऊक असूनही सुटका नसते, आणि कथा तिथूनच सुरू होते. दोन्हींतला माझ्या मते खरा फरक हाच आहे. बाकीचे फरक यातूनच निघतात.

पडताळा घ्यायचा तर विज्ञान काढून पाहा. मंगळावर फोन लगेच लागतो असं धरलं की आई-मुलीची कथा कोसळते. दोघी बोलतात आणि प्रश्नच मिटतो. आजोबांच्या गोष्टीतून मात्र आजोबा आणि नात दोघांनाही काढलं तरी माहिती जशीच्या तशी उरते, म्हणजे ती माणसं मुळात गरजेची नव्हतीच. अंतराळयानात घडणारी पण घोडागाडीतही तितकीच चालली असती अशी प्रेमकथासुद्धा याच चाळणीत अडकते.

सत्याशी असलेलं नातंही दोन्हींत वेगळं आहे. गोष्टीरूप विज्ञानात एक आकडा चुकला तरी लेखन नापास, कारण वाचक तो आकडाच घरी घेऊन जाणार असतो. विज्ञानकथेला अजून अस्तित्वात नसलेली एखादी गोष्ट गृहीत धरायची मुभा आहे. समजा, विसरलेलं सगळं आठवून देणारं औषध निघालं. दोन भावांचा बांधाचा दावा कोर्टात वीस वर्षं पडून आहे. पूर्वीचा बांध कुठे होता हे फक्त आजीने पाहिलेलं. दोघेही तिला औषध घ्यायला लावतात. तिला बांध आठवतो, आणि त्याबरोबर साठ वर्षांपूर्वी गेलेलं तान्हं मूलही आठवतं, काल गेल्यासारखं. औषध खोटं असलं तरी चालेल, पण ते फक्त बांधापुरतं आठवून देतं अशी पळवाट मध्येच काढायची नाही. एकदा घेतलेली मुभा शेवटपर्यंत निभवावी लागते.

नवोदितांची सर्वांत मोठी अडचण वेगळीच असते: माहिती घालायची कुठे? दोन शास्त्रज्ञ एकमेकांना पहिल्या वर्षाच्या वर्गातला धडा ऐकवतात तेव्हा तो संवाद फक्त वाचकासाठी असतो, हे वाचकाला लगेच कळतं. माझा उपाय साधा आहे. पहिला खर्डा झाला की 'म्हणजे काय' आणि 'तुला माहीतच आहे की' या शब्दांभोवतीची सगळी वाक्यं खोडायची आणि कथा पुन्हा वाचायची. जिथे खरंच अडतं, तिथे ती माहिती एखाद्या कृतीत घालायची. मुलगी घड्याळ लावून बसते, बोलणं संपवते आणि ४४ मिनिटांचा गजर लावते. एवढं पुरतं.

'विज्ञान रंजन' या शब्दामुळेही थोडा गोंधळ होतो, असं मला वाटतं. १९६६ साली मुंबईत स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला विज्ञान रंजन कथा स्पर्धा म्हणतात. हे नाव वाचून अनेकांना वाटतं, विज्ञान शिकवायचंय, फक्त हसतखेळत. याच परिषदेच्या १९७४ सालच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी फिरवून केलेलं हे नाव. हस्ताक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून उतरवून घेतली होती. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. जगद्विख्यात खगोलशास्त्रज्ञाने आपल्या नावाचा आधार काढून घेऊन कथा परीक्षकांपुढे ठेवली, याचं मला फार अप्रूप वाटतं. शास्त्रज्ञ आहे म्हणून कथा चांगली, असं कुणी म्हणू नये याची काळजी त्यांनी आधीच घेतली.

आणि शेवटी, पाठवायचं कुठे. आजोबांची गोष्ट मुलांच्या मासिकाकडे किंवा विज्ञानाच्या मासिकाकडे पाठवा. तिथे तिला मान आहे. तीच दिवाळी अंकाच्या संपादकाकडे गेली तर नाकारली जाते आणि लिहिणारा उगाच खचतो. विज्ञानकथेसाठी मात्र दिवाळी अंक हे मराठीतलं हक्काचं घर. गूढकथा आणि रहस्यकथांसाठी नावाजलेल्या 'नवल', 'धनंजय' अशा अंकांनी विज्ञानकथांनाही जागा दिली आहे. तुम्ही ज्या अंकाला कथा पाठवणार त्याचे मागचे दोन-तीन अंक आधी वाचा. कथा युनिकोडमध्ये टाईप करा, शब्दसंख्या लिहा, सोबतच्या पत्रात कथेचा आशय सांगत बसू नका आणि एकच कथा एकाच वेळी दोघांना पाठवू नका. अंक दिवाळीत येत असला तरी त्याची जुळवाजुळव पावसाळ्याच्या आधीच सुरू झालेली असते. गणपतीत पाठवलेली कथा बहुतेक वेळा पुढच्या वर्षाची वाट पाहते.