आजोबा-पणजोबांची जुनी नोंद: शोधायला पैसे लागत नाहीत

जातीचा दाखला काढायचा म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, जुना पुरावा आहे का? आणि लगेच ‘नोंद शोधून देतो, एवढे द्या’ म्हणणारा कुणीतरी भेटतो. त्याला एक रुपयाही देऊ नका. नोंद पाहणं मोफत आहे, पैसे लागतात ते सही-शिक्क्याच्या नकलेला, आणि तेही थोडेच.

आधी कोणत्या तारखेपूर्वीची नोंद हवी ते पक्कं करा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७.

सुरुवात घरातूनच करा. पणजोबा, त्यांचे भाऊ, सगळ्यांची मुलं अशी वंशावळ एका कागदावर मांडा. चुलत घराण्याची नोंदसुद्धा चालते, फक्त नातं जुळलं पाहिजे. त्यासाठी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ तासभर बसा.

मग शाळा. आजोबा ज्या शाळेत शिकले तिथल्या जनरल रजिस्टरमध्ये जात बहुधा लिहिलेली असते, आणि मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन प्रवेश-निर्गम उतारा मागता येतो. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षातलं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, पाहायचं. गावातले जन्म-मृत्यू कोतवाल त्यात लिहून ठेवायचा. इथे बहुतेक जण अडतात ते आडनावापाशी, कारण आडनाव बऱ्याचदा नसतंच. ‘मारुती वल्द बाळा’ (म्हणजे बाळाचा मुलगा मारुती) एवढंच असतं आणि शेजारच्या रकान्यात जात, कधी कुणबीसाठी नुसतं ‘कु.’. त्यामुळे बापाच्या नावावरून शोधा. पान मोडीत असेल तर मोडी वाचणारा जाणकार गाठा. याशिवाय जमिनीची जुनी कागदपत्रं, म्हणजे खासरा पत्रक, पाहणी पत्रक, क पत्रक, कुळ नोंदवही आणि जुने फेरफार हेही महसुली पुरावेच आहेत.

एक महत्त्वाची गोष्ट: गाव आज ज्या जिल्ह्यात आहे, जुनं दप्तर तिथंच असेल असं नाही. जालना १९८१ मध्ये औरंगाबादपासून आणि लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादपासून वेगळा झाला. वाडी आता स्वतंत्र असली तरी जुनी नोंद मूळ गावाखाली सापडू शकते.

कार्यालयात जायचा हक्काचा दिवस सोमवार. राज्य शासनाच्या २०१८ च्या परिपत्रकानुसार जिल्हा पातळीवरच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. ओळखपत्र, वही-पेन आणि वंशावळ सोबत ठेवा. नोंद सापडली की रजिस्टरचं वर्ष, पान नंबर आणि अनुक्रमांक तिथंच उतरवून घ्या, नाहीतर नक्कल मागताना पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतं.

कुणबी नोंद शोधणाऱ्यांनी आधी जिल्ह्याचं सरकारी संकेतस्थळ पाहावं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमल्यावर अनेक जिल्ह्यांनी सापडलेल्या नोंदी स्कॅन करून गावनिहाय तिथे टाकल्या आहेत. जमिनीची नोंद महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर पाहा. जिल्हा, तालुका, गाव निवडून गट नंबरने किंवा नावाने सातबारा दिसतो. नावाने शोधताना ‘मारुती’ आणि ‘मारूती’ दोन्ही टाकून बघा. हा विनास्वाक्षरीत उतारा फक्त माहितीसाठी असतो, अर्जाला जोडायला डिजिटल सहीचा १५ रुपयांना मिळतो.

कार्यालय दाद देत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही माफ, फक्त पुरावा जोडायचा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून ‘अमुक गावचं, अमुक सालांमधलं कोतवाल बुक पाहू द्यावं’ असं नेमकं लिहा. ३० दिवसांची मुदत उलटली तर माहिती विनाशुल्क द्यावी लागते.

शेवटी अर्जाला साक्षांकित नक्कल, वंशावळ, तुमचा आणि वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासाचा पुरावा आणि प्रतिज्ञापत्र जोडायचं. कुणी प्रतिज्ञापत्रासाठी स्टॅम्प पेपर आणायला सांगितलं तर आणू नका. जातीच्या दाखल्यासाठीच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, ते साध्या कागदावर चालतं.